कुरव (सीगल, समुद्रपक्षी) कॅमेऱ्यात टिपायचे ते पुळणीवरून की होडीतून?

हिवाळ्यात कोकणात हर्णैच्या किनाऱ्याला निघालेल्या मित्राचा हा प्रश्न.

पुळणीवर भाडं नाही, पाय स्थिर. किनारा पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे सकाळी ऊन पाठीशी आणि उडते पक्षी उजेडात. ४०० मिमीची लेन्स नि १/१६०० सेकंदाचा शटर-वेग बहुधा पुरतो. पण पक्षी बरेचदा डोक्यावरून जातात, नुसती पोटंच मिळतात.

होडीतून ते डोळ्यांच्या पातळीवर येतात. पंखांची वरची बाजू दिसते. मात्र होडी डोलते, म्हणून १/२५०० तरी ठेवावं. ट्रायपॉड घरीच बरा, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. खारे तुषार उडतात ते वेगळेच!

नवशिक्याने पुळण धरावी. हात बसलेल्याने, चारजणांत भाडं वाटून, होडी.