जावातील ‘ऑप्शनल’: परतीच्या मूल्यासाठी उत्तम, इतरत्र जपून

मार्च 2014 मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 8व्या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘ऑप्शनल’ या, आत मूल्य असू किंवा नसू शकणाऱ्या जेनेरिक क्लासच्या (कोणत्याही प्रकारच्या मूल्यासाठी चालणाऱ्या वेष्टनाच्या) बाजूने माझे मत आहे, मात्र त्याचा वापर मेथडच्या परतीच्या मूल्यापुरता ठेवला तरच. ग्राहक शोधणारी मेथड नुसता ‘ग्राहक’ परत करते, तेव्हा तो न सापडल्यास नल (‘काहीच नाही’ असे मूल्य) येणार की एक्सेप्शन (चालू काम थांबवणारी त्रुटी), हे कळण्यासाठी आतला कोड उघडावा लागतो. तीच मेथड ग्राहकाचे ऑप्शनल देऊ लागली, की न सापडण्याची शक्यता सिग्नेचरमध्येच, म्हणजे मेथड काय घेते नि काय देते हे सांगणाऱ्या ओळीतच, नोंदली जाते आणि ग्राहक बाहेर काढल्याशिवाय त्याचे नाव वाचणारी ओळ कंपाइलच होत नाही. आतल्या मूल्यावरून दुसरे मूल्य काढणाऱ्या ‘मॅप’ने ग्राहकावरून पत्त्याकडे गेलो, तरी पुढचा प्रकार कंपायलरला ठाऊक असतो; पत्ता देणारी मेथड स्वतःच ऑप्शनल देत असेल, तर ऑप्शनलच्या आत ऑप्शनल अडकू नये म्हणून ‘फ्लॅटमॅप’ वापरावे. एकात एक अडकलेल्या ‘इफ’ऐवजी मिळणारी ही सलग साखळी मला या क्लासची खरी कमाई वाटते.

सर्वांत जपून वापरायची मेथड म्हणजे मूल्य नसल्यास पर्यायी मूल्य देणारी ‘ऑरएल्स’. तिच्या कंसातला कोड मूल्य हजर असतानाही चालतो, त्यामुळे तिथे डेटाबेसची क्वेरी लिहिली तर ती प्रत्येक वेळी विनाकारण धावते, आणि नवी नोंद करणारी मेथड लिहिली तर नको असलेली नोंदही पडते. अशा जागी लॅम्डा (गरज पडली तरच चालवायचा कोडचा तुकडा) घेणारी ‘ऑरएल्सगेट’च हवी. मूल्य बाहेर काढणाऱ्या मेथडचे ‘गेट’ हे नाव तर फारच निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात मूल्य नसल्यास ती एक्सेप्शन फेकते. जावा 10 मध्ये तेच काम करणारी, पण नावातच इशारा देणारी ‘ऑरएल्सथ्रो’ कंसात काहीही न देता वापरता येऊ लागली, हे चांगले झाले.

मोठी उणीव अशी, की ऑप्शनल प्रकारच्या व्हेरिएबलमध्येच नल ठेवले तरी कंपायलर हरकत घेत नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतील, असेच काम करणारा ‘ऑप्शन’ या बाबतीत कितीतरी भक्कम आहे, कारण तिथल्या रेफरन्सला नल होताच येत नाही आणि शक्यतांनुसार कोड निवडणाऱ्या ‘मॅच’मध्ये मूल्य असणे नि नसणे या दोन्ही शक्यता हाताळाव्याच लागतात. शिवाय जावाचा हा क्लास सीरियलायझेबल (साठवण्यासाठी किंवा पाठवण्यासाठी बाइट्समध्ये बदलता येणारा) नाही, म्हणून क्लासमधील फील्डसाठी मी तो सुचवणार नाही. यादी परत करणाऱ्या मेथडलाही त्याची गरज नसते. तिथे रिकामी यादी देणेच योग्य.