कापडी पिशवी की प्लॅस्टिकची?
पिशवीपायी हवेत जाणारा कार्बन वायू तेवढा मोजला तर पातळ प्लॅस्टिकची पिशवी सरस ठरते, हे पचायला जड जातं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला: एकदाच वापरलेल्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी करायला नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला लागणारं खत, पाणी, फवारणी महाग पडते.

पण या हिशोबात तुंबलेलं गटार नाही, गाईचं पोट नाही. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तेव्हा नाल्यांत याच पिशव्या अडकल्या होत्या. २०१८ मध्ये राज्यात बंदी आली.

माझा कौल कापडालाच, पण जुन्या साडीतून शिवलेल्या पिशवीला. तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. समारंभात वाटलेल्या आणि कपाटात पडून राहणाऱ्या कोऱ्या पिशव्या मात्र नकोत.