काळी दिसली म्हणून माती घेतली

गादीवाफ्यासाठी, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यासाठी, मातीचं 'तयार मिश्रण' विकत घेणार असाल, तर आधी हे वाचा. मी दोनदा फसलो. दुसऱ्यांदा तर पहिल्या फसवणुकीवरचा उपाय म्हणून.

२.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असे दोन वाफे केले होते. एकाला साधारण ८६० लिटर भराव लागतो. पोती मोजत कोण बसणार, म्हणून पोयटा (भुसभुशीत, सुपीक माती), कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं मिश्रण एकदमच मागवलं. गाडीतला वरचा थर काळाभोर, भुसभुशीत. मूठभर हातात घेऊन मी खूश. खाली हात घालायचं सुचलं नाही, आणि गाडी रिकामी होईपर्यंत पैसे देऊनही झाले होते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर वाफ्यात पाणी तुंबलं. दोन दिवसांनी उकरलं, तर सडक्या अंड्यासारखा वास. हवा न मिळालेल्या मातीचा हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. रोपांची खालची पानं पिवळी पडत चालली होती.

विक्रेत्याला फोन केला. "साहेब, निचऱ्याला तळाशी खडीचा थर हवाच, तो तुम्ही टाकलाच नाहीत." चूक माझीच ठरली! खडीही त्याच्याकडूनच घेतली. एक अख्खा वाफा उपसून तळाशी खडी अंथरली आणि माती परत भरली. पाणी आणखी वर तुंबलं.

का, ते नंतर वाचून कळलं. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते. ती पूर्ण भिजून चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. म्हणजे खडीने निचरा वाढला नाही, मुळांसाठीची कोरडी जागा तेवढी घटली.

मग बरणीची परीक्षा केली. ती आधीच करायला हवी होती. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, खळखळून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटा-दोन मिनिटांत बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस किंवा जास्तही लागतो. माझ्या बरणीत दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होतं आणि वर लाकडाचा भुसा तरंगत होता. पोयटा नव्हताच, कुठल्यातरी पायाच्या खोदाईतली चिकणमाती होती. 'शेणखत' म्हणजे बहुतेक काळा पडलेला अर्धकच्चा भुसा. असा भुसा कुजताना जंतू मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपांना तो कमी पडतो. पानं पिवळी का पडली, ते तेव्हा उलगडलं.

आता मी भराव घेण्याआधी ढिगाच्या मधला आणि तळाचा नमुना मागतो. खत ओलं करून पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवतो. उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला तर ते कच्चं. चिकणमातीत थोडी वाळू मिसळायचा सल्लाही त्याच माणसाने दिला होता. नशीब, तो ऐकला नाही, नाहीतर वाफ्याची वीट झाली असती.

निम्मा भराव काढून टाकला, तळची जमीन बागकामाच्या दातेरी काट्याने खणून मोकळी केली, पक्कं कंपोस्ट मिसळलं. विक्रेता फोन उचलत नाही. खडी वाफ्यांमधल्या पायवाटेवर पसरली आहे. तिथे मात्र पाणी अजिबात साचत नाही.