स्टिक की बॉक्स? माझा निर्णय रामकुंडाच्या पायऱ्यांनी केला

हार्ड डिस्कवर साठलेले घरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे आहेत आणि त्यासाठी टीव्हीला जोडायची स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी की स्ट्रीमिंग बॉक्स ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. नाशिकच्या घरी दोन्ही महिनाभर एकाच टीव्हीला लावून पाहिले. नुसतं ओटीटी बघायचं असेल तर स्टिक घ्या, पैसे वाचतील. तिचा रिमोटही हातात छान बसतो.

फरक कळला तो स्वतःच्या फाइल लावल्यावर. फोनवरचे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) व्हिडिओ दोन्हीकडे विनातक्रार चालले, लग्नाच्या डीव्हीडीवरून काढलेली एमपेग-2 (तीच जुनी पद्धत) फाइलही चालली. डीटीएस (आवाज साठवायची एक पद्धत) आवाजाची एक एमकेव्ही फाइल मात्र स्टिकच्या प्लेअरमध्ये मुकी झाली. व्हीएलसी हे दुसरं प्लेअर ॲप टाकल्यावर आवाज आला. एमकेव्ही हा चित्र आणि आवाज एकत्र ठेवायचा नुसता डबा, आत काय भरलंय त्यावर सगळं. म्हणून खोक्यावर 'एमकेव्ही चालते' एवढं वाचून निश्चिंत होऊ नका. पण हे ॲपने सुटतं, मी त्याचा बाऊ करणार नाही.

मला नडलं ते वेगळंच. 2015 च्या सिंहस्थात मी रामकुंडावर कॅमेरा घेऊन होतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, दिवे चित्रात लुकलुकू नयेत म्हणून कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर ठेवलेला. एका शॉटमध्ये कॅमेरा पायऱ्यांवरून हळूहळू पाण्याकडे वळतो आणि आईपाशी थांबतो. ती ओंजळीत पाणी घेऊन उभी आहे. स्टिकवर हा शॉट लावला की पायऱ्यांच्या कडा ठेचकाळत सरकायच्या आणि आईची ओंजळ वर जाताना मध्येच अडखळायची. फाइल बिघडली असेल म्हणून मूळ कार्डावरून पुन्हा कॉपी केली. तेच.

स्टिक टीव्हीला कायम 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र, पाठवत होती. 60 ला 25 ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. चित्र स्थिर असताना पत्ता लागत नाही, पण कॅमेरा वळला की डोळ्याला टोचतं. फाइलच्या फ्रेम रेटशी (सेकंदाला किती फ्रेम) टीव्ही जुळवायची सोय स्टिकमध्ये होती, ती काही ओटीटी ॲपपुरती. कोडी हे व्हिडिओ बघायचं ॲप टाकूनही टीव्ही 60 वरच राहिला. सेटिंगमध्ये जाऊन हाताने 50 केलं की जमायचं, पण दर वेळी ते करा आणि नंतर परत फिरवा, हे आईला कसं सांगणार?

बॉक्सवर कोडीमध्ये रिफ्रेश रेट (टीव्ही सेकंदाला किती वेळा चित्र दाखवतो तो आकडा) जुळवायचा पर्याय एकदाच चालू केला. आता फाइल सुरू होताच टीव्ही आपोआप 50 वर जातो. त्या वेळी पडदा दोनेक सेकंद काळा होतो. आईला पहिल्यांदा वाटलं लाइट गेली. मग पायऱ्या सलग सरकू लागल्या. शॉट संपेपर्यंत ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "परत लाव रे."

हे सगळ्यांनाच खटकेल असं नाही. धाकट्या भावाला दोन्ही दाखवले, त्याला फरक दिसला नाही. सगळ्या स्टिक अशाच असतात असंही मी म्हणत नाही. बॉक्सला पैसे जास्त पडले आणि टीव्हीमागे एका ॲडॉप्टरची भर पडली, हेही खरं. तरी घरात लग्नाचे, बारशाचे, यात्रेचे जुने व्हिडिओ असतील तर माझा कल बॉक्सकडेच.

घेण्याआधी दुकानात स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि त्यावर कॅमेरा आडवा फिरणारा एखादा शॉट ठेवा. पेन ड्राइव्ह एक्सफॅट या फाइल साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असू द्या, फॅट32 या जुन्या पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. बॉक्स एक्सफॅट वाचतो की नाही, तेही तिथल्या तिथे कळेल.