भाड्याच्या घरात ४७२ रुपयांचं नेट : धायरीच्या केबलवाल्याकडचा दीड वर्षाचा अनुभव

दुकानाच्या पाटीवर 'केबल टीव्ही – इंटरनेट – रिचार्ज' एवढंच लिहिलंय. धायरी फाट्यावरून आत आलं की पिठाच्या गिरणीला लागून जो छोटा गाळा आहे, तो. माझ्या फोनमध्ये हा नंबर 'केबल दादा' म्हणून सेव्ह आहे आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे तसाच आहे. गेलं दीड वर्ष माझं घर आणि माझं काम त्यांच्या लाईनवर चाललंय. भाड्याच्या घरात स्वस्त नेट शोधणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

मी दहावीला गणित शिकवते, ऑनलाइन. संध्याकाळी ६ ते ९ या वेळात दोन बॅचेस. मी मूळची कराडची, त्यामुळे निम्मी मुलं कराड-पाटणची आणि बाकीची पुण्यातली. वन बीएचके फ्लॅट, तिसरा मजला, भाडं १३,५००, डिपॉझिट ४०,०००, करार ११ महिन्यांचा. सोबत आई असते. नेट गेलं तर माझा वर्ग जातो आणि वर्ग गेला तर त्या दिवसाचं मुलांचं नुकसान होतं, ते भरून काढायला रविवार लागतो. म्हणून मला नेट स्वस्त हवंच, पण त्याहून जास्त भरवशाचं हवं.

याआधी मी वडगावला राहत होते. तिथे एका मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. महिन्याला भरण्यापेक्षा सहा महिन्यांचं एकदम भरलं तर स्वस्त पडतं म्हणून मी सहा महिन्यांचे पैसे भरले. चौथ्या महिन्यात घरमालकांनी फ्लॅट विकायला काढला आणि एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडायची वेळ आली. शिफ्टिंगसाठी फोन केला तर उत्तर आलं, "तुमच्या नव्या पत्त्यावर फिजिबिलिटी नाही," म्हणजे तिथे त्यांची लाईन पोहोचत नाही. मग उरलेले पैसे परत द्या म्हटलं, तर कॉल सेंटरला दर वेळी नवा माणूस, दर वेळी नवा तक्रार क्रमांक आणि मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. पैसे शेवटी मिळालेच नाहीत. रकमेपेक्षा मला त्रास याचा झाला की नेमक्या त्याच आठवड्यात मुलांची सराव परीक्षा होती आणि मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर वर्ग घेत होते. रोजचा दीड जीबी दुसऱ्या बॅचच्या मध्यातच संपायचा. "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय" हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की अजूनही कुणी म्हटलं तर हात आधी राउटरकडे जातो.

धायरीत राहायला आल्यावर मी कुठल्याही वेबसाईटवर पत्ता टाकून बघितला नाही. पहिल्या दिवशी दूध आणायला खाली उतरले, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं, "तुमच्याकडे नेट कुणाचं?" मग दुसऱ्या मजल्यावर विचारलं. तिघांनी एकच नंबर दिला. मी प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारला : बंद पडलं तर किती वेळात चालू होतं? तिघांचंही उत्तर जवळपास सारखं होतं, "दुपारपर्यंत सांगितलं तर त्याच दिवशी." हा प्रश्न स्पीडच्या आधी विचारायचा, हे मी वडगावला शिकले होते.

दराचं सांगते. ५० एमबीपीएसचा प्लॅन, महिना ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२. २०२० मध्ये जिओने ३९९ ला ३० एमबीपीएस आणि एअरटेलने ४९९ ला ४० एमबीपीएस असे प्लॅन आणले होते, तेही जीएसटी सोडून. जाहिरातीतला आकडा आणि हातात येणारं बिल यांत हा अठरा टक्क्यांचा फरक असतोच, तो आधी मिळवून मगच तुलना करा. जोडणीचे ५०० रुपये आणि ओएनयू, म्हणजे भिंतीवर येतो तो पांढरा डबा, त्याचं डिपॉझिट १,०००. डिपॉझिट परत मिळणारं आहे असं पावतीवर लिहून मागितलं. दादांनी काही न बोलता लिहून दिलं, डब्याच्या मागचा सिरीयल नंबरही टाकला.

इथे एक गोष्ट मला फार पटली. आधीच्या भाडेकरूचा जुना डबा हॉलच्या भिंतीवर तसाच लटकत होता. मी म्हटलं, "दादा, हाच चालू करून द्या ना, वायर तर आहेच." त्यांनी मान हलवली. "ताई, लाईन त्यांच्या नावावर आहे. आधी तुमचं आधार आणि कराराची कॉपी द्या, तुमच्या नावावर केवायसी होऊ दे, मग लाईन." त्यांचं बरोबर होतं. आपण वापरायचं आणि नाव तिसऱ्याच माणसाचं, यात उद्या काही झालं तर दोघंही अडचणीत. भाड्याच्या घरांत हे सर्रास चालतं आणि ते चालवून न घेणारा माणूस मला भेटला. करार ऑनलाइन नोंदवलेला होता, त्याची पीडीएफ व्हॉट्सॅपवर पाठवली, तेवढ्यात काम झालं.

घरमालक काकांची अट एकच होती : भिंतीला नवीन भोक पाडायचं नाही. नुकताच रंग दिला होता, त्यांचं म्हणणं मला मान्य होतं. दादांचा मुलगा म्हणा, कामाला असलेला पोरगा म्हणा, विशीतला असेल, त्याने गच्चीवरून वायर खाली सोडली आणि बाल्कनीत जुन्या डिशच्या वायरचं जे भोक होतं त्यातूनच आत घेतली. भोकाच्या कडेने पावसाचं पाणी वायरीवरून आत येऊ नये म्हणून बाहेर वायरीला खाली झुकता वळसा दिला आणि वर एम-सील लावलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर मी भिंतीचे फोटो काढून काकांना पाठवले. घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापायचा विषय निघतो तेव्हा हे फोटो लागतात.

त्यानंतरची दहा मिनिटं मी स्टूल ओढून शेजारी बसले होते. त्याने वायरीचं काळं आवरण सोललं, आतला काचेचा धागा, म्हणजे फायबर, काढला, त्यावरचं पातळ कोटिंग पक्कडीने ओढून काढलं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसलं. उरलेली काच इतकी बारीक की उजेडात धरली तरच दिसते. १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याने ती छोट्या कटरमध्ये ठेवून टक् करून तोडली आणि तुटलेला तुकडा जमिनीवर न टाकता एका डबीत टाकला. "पायात गेला तर दिसत नाही, निघत नाही," म्हणाला, कारण आई अनवाणी आत-बाहेर करत होती. मग दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या स्क्रीनवर ती दोन जाड खांबांसारखी दिसत होती, आपोआप सरकत जवळ आली, एक ठिणगी उडाली आणि दोन्हीचं एक झालं. वर बारीक नळी सरकवून ती गरम केली, झालं. मीटर लावून लाईनमधून येणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा आकडा (डीबीएम) दाखवला, उणे १९. "पंचविसाच्या आत आहे ना, मग काळजी नाही. सत्ताविसाच्या पुढे गेलं की लाल दिवा लागतो." आतापर्यंत माझ्याकडे कुणी नेट जोडून गेल्यावर हा आकडा सांगितला नव्हता. मी तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवला. पुढे एकदा नेट मंद झालं तेव्हा त्याने पुन्हा मीटर लावला, उणे २६ आलं. गच्चीवर वायर दुमडली गेली होती, ती सरळ केली आणि आकडा परत विशीच्या आत. वेग का पडला हे कळायला एवढी एक नोंद पुरली.

वेगाबद्दल. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५० एमबी नव्हे. तिथे बिट मोजतात आणि आपण फाईल बाइटमध्ये मोजतो, आठ बिटांचा एक बाइट. ५० ला ८ ने भागा, सव्वासहा एमबी येतात. माझ्या तासाभराच्या वर्गाचं रेकॉर्डिंग साधारण ६०० एमबीचं होतं. गणिताने ते ९६ सेकंदांत चढायला हवं, प्रत्यक्षात तीन मिनिटांत चढतं. वडगावच्या लाईनला डाउनलोड भरपूर होतं, पण अपलोड जेमतेम ५, त्यामुळे हीच फाईल चढायला पाऊण तास घ्यायची, कधी मध्येच अडकायची. शिकवणाऱ्यांनी, घरून काम करणाऱ्यांनी अपलोड किती आहे हे आवर्जून विचारा. इथे दोन्हीकडे सारखंच आहे. रात्री ९ ला मोजलं तरी हॉलमध्ये ४५ च्या वर मिळतं. स्वयंपाकघरात मात्र १५-१८, कारण मध्ये बाथरूमची टाईल्सवाली भिंत येते. वर्गासाठी मी वायफाय वापरतच नाही. पाच मीटरची लॅन वायर आणून स्कर्टिंगच्या कडेने चिकटपट्टीने टेबलापर्यंत नेली. खिळा नाही, भोक नाही. या एका वायरीनंतर "आवाज तुटतोय" जवळपास थांबलं.

आता जे आवडलं नाही ते. क्रिकेटची मोठी मॅच असली की रात्री वेग निम्म्यावर येतो. दादा मान्य करतात, पण उपाय करत नाहीत. ॲप नाही, बिल व्हॉट्सॅपवर येतं, तेही आठवण केल्यावर. रविवारी दुकान बंद, शनिवारी रात्री नेट गेलं तर सोमवार उजाडतो. माझ्याकडे असं दोनदा झालं. सगळ्यात मोठी अडचण विजेची. गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतं तेव्हा माझ्या घरातला डबा चालू ठेवायला मी १,३०० रुपयांचा छोटा राउटर यूपीएस घेतला. घेताना अडॅप्टरवरचे आकडे जुळवून घ्या, माझ्या डब्याला १२ व्होल्ट १ अँपिअर लागतं. तो तीन तास सहज चालतो. पण दादांच्या बाजूच्या बॅटऱ्या दोन तासांत उतरतात. मग माझ्याकडे हिरवा दिवा आणि नेट नाही. हे मी त्यांना तीनदा सांगितलंय. नवी बॅटरी घ्यायला हवी, आणि ती त्यांनी घ्यावी असं मी इथेही लिहिते.

तरी मी त्यांच्याकडेच का आहे, ते सांगते. गेल्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत रस्त्यावरून गेलेली वायर एका उंच देखाव्याला अडकून तुटली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. अर्ध्या गल्लीचं नेट गेलं. मी फोन केला, दादांनी स्वतः उचलला. पाठीमागे ढोल वाजत होते. "ताई, आज गर्दीत शिडी लावता येणार नाही. उद्या तुमचा क्लास सहाला ना? त्याच्या आत करतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला पोरगा खांबावर चढलेला मी बाल्कनीतून बघितला. माझा क्लास सहाला असतो हे त्यांना पाठ आहे, याचं मला फार बरं वाटलं. मार्चमध्ये बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी मुलांच्या शंका घेत होते, सलग चार तास, तेव्हा एकदाही लाईन हलली नाही. पेपर झाल्यावर मी दुकानात पेढे देऊन आले.

भाडेकरूंना एवढंच सांगेन की पहिल्यांदा एकच महिना भरा, नंतर फार तर तीन. करार संपायची तारीख आणि प्लॅन संपायची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा. वायर ओढायची परवानगी नसेल तर एअरफायबर, म्हणजे मोबाईलसारखं हवेतून सिग्नल घेणारं नेट, हा पर्याय आहे, पण त्याचा डबा बहुधा गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर लागतो, तेव्हा मालकांना आणि सोसायटीला आधी विचारावं लागतंच.

माझा दुसरा करार आता मार्चमध्ये संपतोय. काकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना घर हवंय. मार्च म्हणजे नेमकी बोर्डाची परीक्षा, म्हणून मी डिसेंबरातच हलायचं ठरवलंय. एजंट रोज फ्लॅटचे फोटो पाठवतो. मी ते आधी आईला दाखवते आणि मग पत्ता दादांना पाठवते. पहिल्या दोन पत्त्यांवर त्यांनी "तिथे लाईन नाही ताई" असं लिहिलं, ते फ्लॅट मी बघायलाच गेले नाही. काल तिसरा पाठवला, बेनकर वस्तीतला. पाच मिनिटांत उत्तर आलं : "आहे. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर माझी डबी आहे. डबा तोच चालेल, डिपॉझिट नको." रविवारी आम्ही दोघी तो फ्लॅट बघायला जातोय.