कामाच्या बुटांची टाच किती असावी? काही महिने वापरल्यानंतर

कामाचे बूट घालून बघताना सगळं लक्ष बोटांकडे जातं. टो कॅप, म्हणजे बोटांवरची कडक टोपी, लागते का, अंगठा दबतो का, एवढं बघून जोड घेतला जातो. पण शिफ्ट संपताना पायांची, पोटऱ्यांची आणि कमरेची काय अवस्था असेल हे बरंचसं टाचेवर ठरतं. म्हणून या अनुभवात मी टाचेबद्दलच जास्त लिहिणार आहे.

मी मेंटेनन्समध्ये काम करते. निम्म्याहून जास्त वेळ काँक्रीटच्या फरशीवर आणि उरलेला शिडीवर, लोखंडी जाळीवर, जिन्यांवर जातो. आधीचे बूट वेज सोलचे होते, म्हणजे टाचेपासून चवड्यापर्यंत एकसंध तळ. आताचे घोट्याच्या वर येणारे, लेसचे, चामड्याचे आहेत. त्यांना कॉम्पोझिट (धातूऐवजी फायबर-प्लास्टिकची) टो कॅप, शिवलेला वेल्ट (वरचं चामडं आणि तळ जोडणारी कडेची पट्टी), रबरी सोल आणि वेगळी ठोकळ्यासारखी टाच आहे. काही महिने रोज वापरल्यानंतर पुन्हा असेच घेईन.

आधी उंचीचं बघू. मागून मोजली तर माझ्या बुटाची टाच ३.५ सेंटिमीटर भरते. ऐकायला ही जास्त वाटते, पण चवड्याखालीही २.२ सेंटिमीटर जाडीचा तळ आहे. म्हणजे पाय मागच्या बाजूला खरा उचललेला असतो तो १.३ सेंटिमीटर. पोटरीला आणि कमरेला जाणवतो तो हा फरक. त्यामुळे दोन बुटांची तुलना करताना नुसती मागची टाच मोजू नका. टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी, दोन्ही घ्या आणि वजाबाकी करा. वेज सोल बाहेरून सपाट दिसला तरी तोसुद्धा बहुधा मागे जाड आणि पुढे पातळ होत गेलेला असतो. आतली गादीही काढून बघा, कारण काही गाद्या टाचेकडे चांगल्याच जाड असतात आणि तो फरक बाहेरून मोजून कळत नाही.

हा फरक वाढत गेला की वजन पुढे सरकतं आणि चवड्याची हाडं जास्त भार घेतात. दिवसभर उभं राहायचं असेल तर संध्याकाळी चवड्याखाली आग होते ती यामुळे. पोटरीचा स्नायूही तासन् तास आखडलेल्या स्थितीत राहतो. उलट, उंच टाचेची सवय असलेल्या माणसाने एकदम सपाट बूट घातले तर टाचेमागची जाड शीर ताणली जाते आणि सकाळी पहिली काही पावलं दुखत पडतात. म्हणून उंची बदलायची असेल तर सुरुवातीला नवे बूट अर्धा दिवसच घालावेत. मी तसंच केलं आणि पोटऱ्यांनी फारशी तक्रार केली नाही. चामडं मात्र घोट्यापाशी नरम व्हायला वेळ लागला. तोवर जाड मोजे घालावे लागले.

आता शिडी. या बुटांचा खरा फायदा मला तिथे कळला. ठोकळ्याच्या टाचेला पुढच्या बाजूने उभी कड असते. शिडीच्या दांड्यावर पाय ठेवला की दांडा त्या कडेला येऊन टेकतो आणि पाय पुढे घसरत नाही. वेज सोलमध्ये टेकायला कडच नसते, म्हणून पूर्ण वेळ बोटांनी आणि पोटरीने स्वतःला धरून ठेवावं लागतं. शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह खोलायचा असेल तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो. आधी मी सारखा पाय बदलत असे, आता एका जागी स्थिर उभी राहून काम उरकते. कड मात्र तीक्ष्ण आणि पुरेशी खोल हवी. काही बुटांना नावापुरती खाच असते, तिच्यात दांडा अडकत नाही. बोटाचं पेर त्या कडेवर टेकवून बघा. पेर नीट अडत असेल तर दांडाही अडेल.

कडेच्या जोडीला शँक हवा. टाच आणि चवडा यांच्यामध्ये, तळाच्या आत घातलेली ही कडक पट्टी स्टीलची किंवा फायबरची असते. ती नसेल तर दांडा तळव्याच्या खळग्यात रुततो आणि संध्याकाळी तिथे नेमकी एक आडवी रेघ दुखत राहते. बूट हातात घेऊन मधोमध वाकवून बघावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, खळग्यापाशी वाकला तर शिडीच्या कामाला तो बूट नको. सुरक्षा बुटांच्या आयएसओ २०३४५ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत शिडीवरच्या पकडीसाठी 'एलजी' अशी वेगळी खूण आहे. शिडीचं काम असेल तर लेबलवर ती जरूर शोधा. टो कॅप स्टीलची की कॉम्पोझिटची यावर मात्र फार डोकं शिणवू नका. या मानकात दोघींनाही २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो. कॉम्पोझिट हलकी असते आणि थंडीत बोटं गारठवत नाही, म्हणून मी ती घेतली.

सपाट फरशीवर वेज चांगला, हे मी अजूनही म्हणेन. पूर्ण तळ जमिनीला टेकतो, दाब पसरतो आणि चालणं मऊ वाटतं. ज्यांना शिडीला हातही लावायचा नसतो, पॅकिंग किंवा असेंब्लीत दिवसभर उभं राहायचं असतं, त्यांनी ठोकळ्याच्या मागे लागू नये. पोलादी तुळयांवर चालणारे कामगारही वेज पसंत करतात, कारण तुळईच्या कडेला किंवा केबलला अडकेल अशी टाचच त्याला नसते. दुसऱ्या टोकाला लाकूडतोड्यांचे बूट आहेत. त्यांची टाच ५ सेंटिमीटरच्या आसपास आणि पुढून तिरकी कापलेली असते. उतारावरच्या मातीत ती रुतून बसते, तिथे तिला तोड नाही. माझ्या एका सहकाऱ्याकडे तसा जोड आहे. फरशीवर तो दुपारनंतर कंटाळतो आणि जिना उतरताना त्याची टाच पायरीच्या कडेला घासते. आमच्यासारख्या मिश्र कामाला १ ते दीड सेंटिमीटरचा फरक आणि खणखणीत कड, हा मेळ मला सर्वांत बरा वाटतो.

उंची योग्य असूनही पायाची टाच बुटाच्या आत हलत असेल तर सगळं व्यर्थ. बायकांनी याकडे खास लक्ष द्यावं. आपली टाच चवड्याच्या मानाने बहुधा अरुंद असते, आणि पुरुषांच्या साच्यावरचे लहान नंबर लांबीला बसले तरी मागे ढिले राहतात. प्रत्येक पावलाला टाच वरखाली होते, फोड येतात, आणि पाय पुढे सरकून बोटं कॅपवर आदळतात. हे बूट बायकांच्या साच्यावर बनवलेले आहेत, आणि फोड न येण्याचं श्रेय मी त्यालाच देते. ज्यांना असा साचा मिळत नाही त्यांनी लेस बांधायची पद्धत बदलून बघावी. सर्वांत वरच्या दोन भोकांमधून दोन्ही बाजूंना लेसची छोटी वळी करायची, समोरची टोकं त्या वळ्यांतून ओवायची आणि खाली-मागे ओढून गाठ मारायची. टाच मागच्या वाटीत घट्ट बसते. नंबराच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, युरोपियन मापात तो सुमारे पावणेसात. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर दुसऱ्या मापात शोधा, किंवा अर्धा नंबर मिळतो का बघा. बूट संध्याकाळी, कामाचेच मोजे घालून बघावेत, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. आणि उतारावर किंवा जिन्यावरून उतरून बघावं. सपाट जागेवर बोटं न लागणारा बूट उतरताना लागू शकतो.

तक्रारी दोनच. वजन वेजपेक्षा जास्त आहे आणि ते पहिल्या काही दिवसांत मांड्यांना जाणवलं. शिवाय आतली मूळ गादी लवकर चेपली. टाचेखाली जेलचा तुकडा घालायचा सल्ला मला दोघांनी दिला, पण त्याने टाच आणखी वर उचलली जाते आणि मागच्या वाटीतून निसटायला लागते. त्याऐवजी मी मागेपुढे सारख्या जाडीची पूर्ण गादी घातली.

सोल अजून चांगला आहे. झीज दिसते ती टाचेच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यावर, कारण चालताना जमिनीला आधी तोच टेकतो. तिथली नक्षी बुजत आली आहे आणि कोपरा काही मिलिमीटर खाली गेला आहे. झीज वाढली की घोटा बाहेर कलू लागतो, म्हणून बूट टेबलावर ठेवून मागून बघायची सवय लावून घेतली आहे. वेल्ट असल्यामुळे पूर्ण सोल बदलता येईल, पण आधी नुसता टाचेचा खालचा थर बदलून घेणार आहे. दुरुस्तीला देताना नव्या थराची जाडी मूळ थराइतकीच हवी असं सांगणार आहे. थर जाड पडला तर बूट पुढे कलतो, पातळ पडला तर मागे. मूळ उंची नवा जोड घेतला तेव्हाच मोजून लिहून ठेवली आहे.