मागच्या डिफमध्ये काय बसवायचं: एलएसडी, लंचबॉक्स लॉकर की एअर लॉकर?

एक चाक हवेत लटकून गरगर फिरतंय आणि जमिनीवरचं चाक ढिम्म उभं आहे, ही साध्या डिफरन्शियलची (डिफ, म्हणजे इंजिनची ताकद एक्सलच्या दोन चाकांत वाटणारे गिअर) जुनी खोड. साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. हवेतलं चाक फिरवायला जेवढा लागतो, तेवढाच जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो, म्हणजे जवळजवळ शून्य. लिफ्ट किटने गाडी उंच होते, ही खोड जात नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोर (पुढची चाकं गरजेपुरती जोडता येणारी) असलेल्या जुन्या गाडीला सुरुवात मागच्या एक्सलपासून करावी, कारण चढावर वजन मागे येतं.

एलएसडी

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाचं जादा फिरणं रोखून दुसऱ्यालाही ताकद देणारा डिफ. रस्त्यावर सगळ्यात सभ्य पर्याय हाच. प्लेटवाल्या एलएसडीत क्लच प्लेट असतात. त्या झिजतात आणि गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नसेल तर वळणावर कुरकुरतात. जुन्या गाडीवर ‘एलएसडी आहे’ असं लिहिलेलं असलं तरी आत प्लेट शिल्लक आहेत का ते तपासा. गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा, बाकीच्या चाकांना अडण लावा, एक मागचं चाक जॅकवर उचला आणि ते टॉर्क रेंचने फिरवून बघा. सहज फिरलं, तर तो साधा डिफच समजा. ट्रूट्रॅकसारख्या गिअरवाल्या एलएसडीत प्लेट नाहीत, झीज कमी. पण चाक पूर्ण हवेत गेलं की तोही हतबल होतो. अशा वेळी एक्सेलरेटर धरून ब्रेक हलका दाबला तर थोडं काम होतं. वाळू, चिखल, निसरडे घाट यांना एलएसडी पुरतो, मोठ्या दगडांना नाही.

लंचबॉक्स लॉकर

लॉकर म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारं यंत्र, आणि हा आपोआप लागतो-सुटतो. मूळ कॅरिअरमध्येच (डिफच्या आतलं फिरतं घर) स्पायडर गिअर आणि साइड गिअर या छोट्या गिअरच्या जागी बसतो. मोठा फायदा असा, की क्राऊन-पिनियनचं (डिफच्या मुख्य गिअरजोडीचं) सेटिंग सहसा हलत नाही. जुन्या गाडीत या दोन्ही गिअरचे दाते एकमेकांवर वर्षानुवर्षं झिजून जुळलेले असतात. ती जुळणी मोडली की गाडी रडायला लागते. ज्या एक्सलमध्ये क्रॉस पिन (स्पायडर गिअरचा दांडा) बाहेर काढायची जागा आहे, तिथे कॅरिअर न उतरवताही काम होतं. बसवताना लॉकरच्या दोन्ही अर्ध्या भागांमधली फट फीलर गेजने मोजा आणि किटच्या कागदावरच्या मापाशी ताडून बघा. फट जास्त असेल तर दाते पूर्ण अडकत नाहीत आणि लॉकर ताकदीत सुटतो. दोष बहुतेक वेळा गिअरमागच्या जुन्या झिजलेल्या थ्रस्ट वॉशरचा असतो.

बसवल्यावर दोन्ही चाकं उचला, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका. दोन्ही चाकं पुढे फिरवून अडकू द्या. एक तसंच धरून दुसरं मागे फिरवलं, की ते टिकटिक करत मोकळं फिरायला हवं. फिरलं नाही, तर रस्त्यावर काढू नका.

रस्त्यावर याचा स्वभाव कळतो. वळणावर टिकटिक, आणि अर्ध्या वळणात एक्सेलरेटर सोडला की ‘धाड’ असा झटका. मॅन्युअल गिअरच्या आखूड व्हीलबेस गाडीत हे जास्त जाणवतं. ओल्या डांबरावर मागची बाजू सरकू शकते. दोन्ही मागच्या टायरचा व्यास आणि हवा सारखीच हवी, नाहीतर गाडी एका बाजूला ओढत राहते. आणि ताकद शेवटी मूळ कॅरिअर आणि क्रॉस पिनएवढीच. ३५ इंची टायर लावून उड्या मारणाऱ्याने यावर भरवसा ठेवू नये.

एअर किंवा इलेक्ट्रिक लॉकर

बटण बंद तर साधा डिफ, बटण चालू तर दोन्ही चाकं एक. ज्या गाडीचे बहुतेक किलोमीटर डांबरावर जातात, तिला माझं मत यालाच. किंमत मात्र कामात आहे. पूर्ण कॅरिअर बदलतो, म्हणजे बेअरिंग प्रीलोड (बेअरिंगवरचा ताण), डायल गेजवर बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक), दात्यांना रंग लावून पॅटर्न हे सगळं आलं. बॅकलॅश बहुतेक एक्सलना ०.१३ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो, पण जुनेच गिअर परत लावायचे असतील तर उघडण्याआधी असलेला बॅकलॅश लिहून ठेवा आणि तोच परत आणा. पुस्तकातला आकडा झिजलेल्या दात्यांना लागू पडत नाही.

एअर लॉकर दगा देतो तो सीलपाशी. लॉकर चालू असताना कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होणं, ब्रीदरमधून (डिफच्या हवा सोडायच्या तोंडातून) तेल येणं, बंद करताना सोलेनॉइडमधून (हवेच्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हमधून) तेल फवारणं ही लक्षणं. हवेची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या आणि एक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर ताणणार नाही एवढी ढील द्या. इलेक्ट्रिक लॉकरची जुनी मोटर न वापरल्याने गंजून अडकते. महिन्यातून एकदा मातीवर चालू-बंद करा.

खरेदीआधी

गिअर रेशो बदलायचा असेल तर आधी तो ठरवा. डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ व त्याखालच्या रेशोला एक कॅरिअर, ३.९२ व वरच्याला दुसरा. घाईत घेतलेला लॉकर फुकट जातो. उलट डिफ बेअरिंगसाठी किंवा रेशोसाठी उघडणारच असेल, तर एअर लॉकरची मजुरी त्याच कामात निघते. डिफ शांत आणि निरोगी असेल तर तो उघडून कॅरिअर बदलण्यापेक्षा लंचबॉक्स बरा.

पुढच्या एक्सलला फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून मोकळं करता येणारे) असतील तर लंचबॉक्स चालतो. हब मोकळे ठेवले की रस्त्यावर तो जाणवतच नाही. कायम फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीला पुढे लंचबॉक्ससारखा ऑटोमॅटिक लॉकर लावू नका, स्टिअरिंग हातात राहत नाही. पुढचा लॉकर चालू असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून एक्सेलरेटर दाबला, की जुन्या गाडीचा बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकालाही ताकद देणारा सांधा) तुटतो.

कडेच्या उतारावर लॉकर बंदच बरा. दोन्ही चाकं एकदम घसरली की गाडी आडवी खाली सरकते. साध्या डिफमध्ये एक चाक तरी धरून राहतं. चालू करायचा तो अडथळ्याआधी, रांगत्या वेगात. चाक फिरत असताना नाही. बंद करूनही सुटला नाही, तर थोडं मागे घेऊन स्टिअरिंग डावी-उजवी हलवा, म्हणजे एक्सलमधला पीळ निघतो.